खो दिसतो किती आणि ऐकू येतो केव्हा?

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. १९ तारखेच्या अंतिम सामन्यांत भारताच्या महिलांनी नेपाळला ७८-४० असे, तर पुरुषांनी ५४-३६ असे हरवले. हे सामने दूरचित्रवाणीवर दिसले. धाराशिव जिल्ह्याला, म्हणजे कालपरवापर्यंतच्या उस्मानाबादला, त्यात जास्त रस असणे स्वाभाविक होते. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघाच्या कर्णधार सारिका काळे याच जिल्ह्यातल्या. २०२० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. या भागात शाळेच्या मैदानावर दोन खांब रोवलेले असतात, हे येथील शिक्षकांना आम्ही सांगायला नको.

आता पुष्कळ शाळांत मोठ्या पडद्याचे संच आले आहेत, काही लोकवर्गणीतून आलेले. आपल्या मुलींना मोठ्या स्पर्धेतला खेळ दाखवावा, त्यातून त्यांनी काही उचलावे, असे शिक्षकांना वाटते. पण सामना लावला की तक्रारी सुरू होतात. खोक्यावर ‘फुल एचडी’ छापले आहे, मग ऐन खांबाजवळ गडी बाद होतो त्याच क्षणी चित्र का फिसकटते? हात लागला की नाही हे का कळत नाही? ‘खो’ हा शब्द समालोचकाच्या आवाजात का बुडून जातो? आणखी पैसे जमवून ‘फोर के’ संच घेतला तर हे सारे नीट दिसेल काय?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो: बहुधा नाही. का नाही, हे समजून घ्यायला गुणाकार-भागाकारापलीकडचे गणित लागत नाही. सातवीच्या वर्गात ते फळ्यावर मांडता येईल.

तळहाताचे माप

दूरचित्रवाणीचे चित्र बारीक बिंदूंचे बनलेले असते. फुल एचडी चित्रात १९२० उभे रकाने आणि १०८० आडव्या ओळी, म्हणजे एकूण २०,७३,६०० बिंदू असतात. पूर्वीच्या दूरदर्शनच्या चित्रात ६२५ रेषा असत आणि त्यांतल्या ५७६ रेषाच प्रत्यक्ष चित्राच्या कामी येत. अंकीय पद्धतीत या साध्या चित्राचे ७२० रकाने धरतात. गंमत अशी की आपल्याकडे चित्र सुधारण्याचे दोन मोठे टप्पे खेळांच्याच निमित्ताने आले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या वर्षी रंगीत चित्र आले आणि २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दूरदर्शनने एचडी प्रक्षेपण केले.

आता खो-खोच्या मैदानावर हे बिंदू पसरून पाहू. मैदान २७ मीटर लांब. दोन्ही खांब दिसावेत म्हणून बाजूच्या कॅमेऱ्याने कडेच्या जागेसह ३० मीटर रुंदीचे दृश्य घेतले असे समजा. ३००० सेंटिमीटरना १९२० ने भागले की एका बिंदूच्या वाट्याला सुमारे दीड सेंटिमीटर जागा येते. साध्या चित्रात हाच भाग चार सेंटिमीटरहून थोडा जास्त येतो. माणसाचा तळहात साधारण आठ सेंटिमीटर रुंद असतो. म्हणजे साध्या चित्रात तळहात दोन बिंदूंत उरकतो आणि एचडीत त्याला पाच बिंदू मिळतात. बोटाचे टोक मात्र एचडीतही जेमतेम एक बिंदू. फोर के चित्रात रकाने दुप्पट, म्हणजे ३८४०. तेथे एका बिंदूला पाऊण सेंटिमीटरच्या आसपास जागा येईल आणि बोटाला दोन बिंदू मिळतील.

इथवर पाहिले तर जाहिरात खरी वाटते. पण हा हिशेब स्थिर हाताचा झाला, आणि खो-खोत स्थिर काय असते? चौरसात बसलेले आठ गडी, तेही खो मिळेपर्यंतच.

धावणारा हात

पाठलाग करणारी मुलगी सेकंदाला सहा मीटर वेगाने धावते आहे असे धरू. कॅमेऱ्याची झडप प्रत्येक चित्रासाठी १/५० सेकंद उघडी राहिली तर तेवढ्या वेळात ती १२ सेंटिमीटर पुढे सरकते. चित्रात तिची कडा एका जागी उमटत नाही, १२ सेंटिमीटरभर पुसली जाते. एचडीच्या मापाने हे आठ बिंदू झाले. सूर मारताना पुढे फेकलेला हात याहून वेगवान. तो सेकंदाला दहा मीटर धरला तर पुसटपणा २० सेंटिमीटरचा होतो. दीड सेंटिमीटरचा बिंदू आणि २० सेंटिमीटरचा पुसटा! बिंदू आणखी बारीक केले म्हणून पुसटा बारीक होत नाही. फोर के चित्रात तो तेवढाच लांब राहतो, फक्त दुप्पट बिंदूंवर पसरतो.

यावर उपाय झडप लवकर मिटण्याचा. १/५०० सेकंद ठेवली तर धावपटूचा पुसटा १२ सेंटिमीटरवरून सव्वा सेंटिमीटरच्या आत येतो. पण मग कॅमेऱ्यात प्रकाशही दहावा हिस्साच शिरतो. मोठ्या क्रीडागृहांत छतावर दिव्यांच्या रांगा असतात त्या याचसाठी. प्रेक्षकांना दिसायला त्याहून पुष्कळ कमी उजेड पुरला असता.

हा प्रयोग वर्गाला सहज करता येईल. एकच मोबाइल घ्यावा. भर दुपारी मैदानावर धावणाऱ्या मुलाचे छायाचित्र काढावे आणि सूर्य मावळल्यावर त्याच जागी, त्याच मुलाचे दुसरे काढावे. बिंदूंची संख्या दोन्हींत सारखीच, पण दुपारच्या चित्रात बुटाची नाडी दिसेल आणि संध्याकाळच्या चित्रात पाय कोठे संपतो तेही कळणार नाही. उजेड कमी झाला की मोबाइल आपण होऊन झडप जास्त वेळ उघडी ठेवतो, हे मुलांना सांगण्याआधी त्यांनाच ओळखू द्यावे.

झडपेबरोबर चित्रांची संख्याही पाहावी लागते. आपल्याकडे सेकंदाला २५ चित्रांची पद्धत आहे. तिचे मूळ विजेच्या ५० हर्ट्झमध्ये आहे. दोन चित्रांमधल्या काळात आपली धावपटू २४ सेंटिमीटर जाते आणि तो सुराचा हात ४० सेंटिमीटर. हात पाठीला टेकला तो नेमका क्षण या दोन चित्रांच्या मध्ये पडला तर तो कोणत्याच चित्रात नसतो, मग पडदा कितीही महाग असो.

जुन्या अभियंत्यांनी यावर एक युक्ती केली होती आणि ती एचडीतही चालत आली आहे. एका वेळी पूर्ण चित्र न पाठवता आधी विषम क्रमांकाच्या ओळी आणि मग सम क्रमांकाच्या ओळी पाठवायच्या. त्यामुळे सेकंदाला ५० अर्धी चित्रे मिळतात आणि हालचाल गुळगुळीत दिसते. मात्र प्रत्येक अर्ध्या चित्रात ओळी ५४०च. शिवाय दोन अर्ध्या चित्रांच्या दरम्यान खेळाडू सरकलेली असते. ती दोन्ही संचाने धड जुळवली नाहीत तर वेगवान हाताच्या कडेला फणीचे दात दिसतात. चित्र थांबवून पाहिल्यास हे दात स्पष्ट ओळखता येतात. खेळासाठी आमच्या मते थोड्या कमी ओळींची पण सेकंदाला पूर्ण ५० चित्रे हीच पद्धत चांगली. पण जाहिरातीत ७२० पेक्षा १०८० हा आकडा भारी दिसतो, त्याला काय करणार?

धुळीचा प्रत्येक कण ही नवी बातमी

कॅमेऱ्यातून निघालेले चित्र जसेच्या तसे घरी येत नाही. २०,७३,६०० बिंदू, प्रत्येकाचे रंग सांगायला २४ बिट, सेकंदाला २५ चित्रे, असा गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट होतात. उपग्रहावर एका वाहिनीच्या वाट्याला पुष्कळदा एक कोटी बिटही येत नाहीत. म्हणजे शंभरातला एखादाच बिट वाटेला लावायचा आणि तरी चित्र ओळखू यायला हवे.

हे साधते कारण लागोपाठच्या दोन चित्रांत बराचसा भाग तोच असतो. चित्राचे लहान लहान चौकोनी ठोकळे पाडतात आणि ‘हा ठोकळा तसाच ठेव’, ‘हा चार बिंदू उजवीकडे सरकव’ अशा सूचना पाठवतात. खरोखर नवे असेल तेवढेच सविस्तर सांगतात. गावच्या पत्रात ‘बाकी सर्व ठीक’ लिहून नवी बातमी तेवढी कळवावी, तसे हे आहे.

या दृष्टीने गादीवरचा खो-खो हा सोयीचा खेळ आहे. एका रंगाची सपाट गादी, बसलेले गडी, आणि पळणारे दोन-तीन जण. तरी खांबाजवळ पळणारी मुलगी हुलकावणी देऊन एकदम उलटी फिरते तेव्हा ‘चार बिंदू उजवीकडे’ हा अंदाज साफ चुकतो. त्याच वेळी कॅमेराही वळतो, मागचे प्रेक्षक उठून हात हलवतात, आणि नव्या बातम्यांचा लोंढा येतो. बिट पुरत नाहीत, तपशील गाळला जातो आणि ठोकळे उघडे पडतात. सामन्यातला सर्वांत महत्त्वाचा क्षण बहुधा सर्वांत वाईट दिसतो, त्याचे कारण हे आहे.

मातीच्या मैदानावर परिस्थिती आणखी बिकट. हिवाळ्यात आपल्याकडची काळी माती सुकून भुगा होते. सूर मारला की धुरळा उठतो आणि त्यातला प्रत्येक कण वेगळ्या दिशेला जातो. ‘सरकव’ म्हणून सांगण्याजोगे त्यात काही नसते. हल्ली तालुक्याच्या सामन्यांचे चित्रण मोबाइलवरून थेट दाखवतात. तेथे बिट आधीच तुटपुंजे, त्यांतले निम्मे धुरळा खातो आणि खेळाडूंच्या वाट्याला चिखल येतो. सामन्याआधी मैदानावर पाणी मारण्याची जुनी पद्धत चित्रालाही उपकारक आहे. मोबाइल हातात न धरता तिपाईवर घट्ट बसवला तर ‘तसाच ठेव’ म्हणता येणारे ठोकळे वाढतात, हा त्याहून स्वस्त उपाय.

पावसाचे थोडक्यात सांगतो. छतावरच्या काडीच्या अँटेनाच्या काळात संकेत दुबळा झाला की पडद्यावर मुंग्या येत, पण खेळ दिसत राही. अंकीय चित्राला हा मधला टप्पा जवळजवळ नाही. संकेत पुरेसा असेपर्यंत चित्र स्वच्छ राहते, थोडा आणखी घटला की ठोकळे आणि मग काळा पडदा. डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. धाराशिवहून तो नेमका आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर येतो. त्याच्या लहरी अडीच सेंटिमीटरच्या आसपास लांबीच्या असतात आणि पावसाचे टपोरे थेंब त्या शोषतात व विखुरतात. म्हणून आग्नेयेला काळा ढग दाटला की चित्र जाते, मग आपल्या अंगणात ऊन का असेना.

शेवटच्या बाकावरून

आता वर्गात येऊ. निरोगी डोळ्याला दोन बिंदू वेगळे दिसायला त्यांच्यात निदान एका अंशाच्या साठाव्या भागाचे अंतर लागते. सोप्या भाषेत, अंतराच्या सुमारे ३४०० व्या हिश्शाहून बारीक तपशील डोळ्याला दिसत नाही.

४३ इंची संचाच्या पडद्याची उंची सुमारे ५३ सेंटिमीटर असते. १०८० ओळींत ती वाटली तर एक ओळ अर्धा मिलिमीटर भरते. अर्ध्या मिलिमीटरला ३४०० ने गुणले की १७०० मिलिमीटर, म्हणजे १.७ मीटर. एचडीच्या सर्व ओळींचा लाभ घ्यायचा तर याच्या आत बसायला हवे. ३२ इंची संचाला हे अंतर सव्वा मीटर येते. वर्गात शेवटचा बाक सहा मीटरवर असतो. तिथल्या डोळ्याला पावणेदोन मिलिमीटरहून बारीक काही दिसत नाही, म्हणजे ५३ सेंटिमीटर उंचीत सुमारे ३०० ओळी. त्या मुलीसाठी एचडी, फोर के आणि जुने दूरदर्शन यांच्या ओळींत फरक उरलेला नाही.

म्हणून शाळेने संच घेताना फोर केचा विचार सोडून द्यावा आणि त्या पैशांत पडदा जेवढा मोठा मिळेल तेवढा घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेही जमत नसेल तर बाक मागे सारून मुलांना सतरंजीवर, संचापासून दोन-तीन मीटरांत अर्धवर्तुळात बसवावे. दोन गोष्टी आणखी तपासाव्यात. ‘एचडी रेडी’ लिहिलेल्या बहुतेक लहान संचांत ओळी ७६८ असतात, १०८० नव्हे. आणि संच व सेट टॉप बॉक्स पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरींनी जोडलेले असतील तर बॉक्समधून एचडी चित्र बाहेरच पडत नाही. त्यासाठी चपट्या टोकाची एचडीएमआय वायर हवी. फ्री डिशवरच्या बहुतेक वाहिन्या तर मुळातच साध्या दर्जाच्या आहेत. संच त्या चित्राचे बिंदू वाढवून दाखवतो, पण कॅमेऱ्याने जे धाडलेलेच नाही ते संच कोठून आणणार?

आवाजाची गोष्ट

चित्राबद्दल एवढा खल होतो आणि आवाजाकडे कोणी पाहत नाही. खो-खो हा शब्दावर चालणारा खेळ आहे. बसलेल्या गड्याला पाठीमागून हाताने स्पर्श करायचा आणि त्याच वेळी ‘खो’ म्हणायचे, असा नियम. खो मिळण्याआधी उठले तर फाउल. स्पर्श डोळ्याला दिसतो, शब्द कानाला कळतो, आणि पंच दोन्ही एकत्र जोखतात.

आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मैदानाच्या एका टोकाला मायक्रोफोन असेल तर दुसऱ्या टोकाचा ‘खो’ त्याच्यापर्यंत पोचायला ०.०८ सेकंद लागतात. तेवढ्यात दोन चित्रे होऊन जातात आणि धावपटू अर्धा मीटर पुढे गेलेली असते. मायक्रोफोन लांब बाजूच्या मध्यावर ठेवला तर मधल्या चौरसांचा आवाज आठ मीटरवरून येतो आणि उशीर ०.०२४ सेकंदावर येतो. चांगल्या प्रक्षेपणात कडेने अनेक मायक्रोफोन मांडतात ते यासाठी.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत याचा एक मजेदार आकडा आहे. आवाज चित्राच्या मागे राहिला तर प्रेक्षकाला तो ०.१२५ सेकंदापर्यंत खटकत नाही, पण पुढे गेला तर ०.०४५ सेकंदालाच खटकतो. असे का? निसर्गात आवाज नेहमी मागूनच येतो. दूरच्या शेतात खुंटी ठोकणाऱ्याचा हातोडा आधी दिसतो, ठोका नंतर ऐकू येतो. उलटे कधी होत नाही, त्यामुळे मेंदूला त्याची सवय नाही. मैदानाच्या १७० मीटर लांब टोकाला एका मुलाला थाळी वाजवायला उभे केले तर अर्ध्या सेकंदाचा उशीर साऱ्या वर्गाला अनुभवता येईल.

शाळेत मात्र आवाज पुढे जाण्याचा प्रकार हमखास होतो. संचाचा कर्णा लहान आणि मागे वळलेला असतो, म्हणून प्रार्थनेच्या ध्वनिक्षेपकाला सेट टॉप बॉक्सची वायर थेट लावतात. संचाला चित्र सुधारून दाखवायला काही क्षण लागतात, ध्वनिक्षेपकाला काहीच लागत नाहीत. मग हात पाठीपर्यंत पोचण्याआधी ‘खो’ ऐकू येतो! वायर बॉक्सऐवजी संचाच्या ध्वनी-निर्गमातून घेतली तर हा दोष पुष्कळ कमी होतो, कारण बहुतेक संच आवाजही तेवढाच थोपवून मग सोडतात. बिनतारी ब्लूटूथ कर्ण्याचा दोष उलटा. तो आवाज मागे टाकतो.

समालोचकाच्या आवाजात ‘खो’ बुडतो, हा दोष मात्र आपल्या हातातला नाही. प्रक्षेपणात मोठे आवाज दाबतात आणि लहान आवाज उचलतात, म्हणजे प्रेक्षकाला सारखे बटण फिरवावे लागत नाही. त्यात गर्दीचा गलका वर येतो आणि एका मुलीचा क्षणभराचा शब्द त्यात मिसळून जातो. आवाजाला चित्राच्या मानाने फार थोडे बिट लागतात, त्यामुळे मैदानाचा आवाज वेगळा पाठवणे अवघड नाही. समालोचन बंद करून नुसता मैदानाचा आवाज ऐकण्याची सोय मिळाली तर आमच्यासारखे पुष्कळ जण ती घेतील.

या साऱ्याचा एक परिणाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. दोन चित्रांमध्ये निसटणारा स्पर्श आणि दोन चित्रांइतका मागेपुढे होणारा आवाज, एवढ्या सामग्रीवर घरी बसून ‘ती आधीच उठली होती, पंचांनी डोळे झाकले’ असे म्हणता येत नाही. पंच दोन-चार मीटरवर उभे असतात. त्यांच्यापर्यंत शब्द एका सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास पोचतो आणि मध्ये कोणी ठोकळे पाडत नाही.

स्वतःच्या मुलींचा खेळ तपासायला मात्र शिक्षकांजवळ एक चांगले साधन आहे. बऱ्याच मोबाइलमध्ये सेकंदाला १२० किंवा २४० चित्रे घेणारी संथगती सोय असते. तिच्यात बिंदू पुष्कळदा फुल एचडीहून कमी असतात, पण २४० चित्रांत सुराचा हात एका चित्रामागे चारच सेंटिमीटर सरकतो. मोबाइल मधल्या पाटीपासून तीन मीटरवर, बसलेल्या मुलीच्या खांद्याच्या उंचीला तिपाईवर ठेवावा. सकाळी दहाच्या उन्हात चित्रण करावे. मग हात पाठीला टेकला ते चित्र शोधावे, तिचा गुडघा जमिनीवरून सुटला ते चित्र शोधावे आणि मधली चित्रे मोजावीत. २४ चित्रे भरली तर एक दशांश सेकंद. हाच हिशेब प्रत्येकीचा काढून महिन्याने पुन्हा मोजावा.